बंदूक घडवावी की विकत घ्यावी? मराठी दौलतीचा एक हिशेब

हौसेखातर नेमबाजी करणाऱ्यांत एक वाद कायम रंगलेला असतो. तयार रायफल विकत घ्यावी, की नळी, घोडा, दस्ता असे सुटे भाग मिळवून ती आपल्या हातांनी जुळवावी? जुळवणारा म्हणतो, स्वस्त पडते आणि आपल्या खांद्याला नीट बसते. विकत घेणारा म्हणतो, तू केवळ भागांची किंमत धरलीस. हत्यारे, बिघडवून टाकलेल्या दोन नळ्या आणि हात बसेपर्यंत गेलेली दोन वर्षे यांचा खर्च कुठे मांडला आहेस? वाद मिटत नाही, कारण दोघेही खरेच बोलत असतात. दोघांच्या वहीतले रकाने तेवढे निराळे असतात.

हौशी माणसाचा हिशेब चुकला, तर नुकसान त्याच्या खिशापुरते राहते. मराठी दौलतीपुढे हाच प्रश्न दीडशे वर्षे निरनिराळ्या रूपांत उभा होता, आणि तिथे खिशापेक्षा अधिक काही पणाला लागले होते. शाळेपासून आपण एक ठरीव उत्तर ऐकत आलो आहोत : मराठ्यांनी तोफा-बंदुका स्वतः बनवल्या नाहीत, टोपीकरांकडून विकत घेतल्या, म्हणून राज्य गेले. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. इतिहास हा काही आमचा प्रांत नव्हे. तरीही हे उत्तर जसेच्या तसे पुढच्या पिढीच्या हाती देणे आम्हांला आता जड जाते. मराठ्यांनी काहीतरी विकत घेतले हे खरे. पण ते बंदूक नव्हते, असे आमचे म्हणणे आहे.

सुरुवात खरेदीपासूनच झाली, यात शंका नाही. सतराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर तोफा मिळण्याचे ठिकाण म्हणजे परक्यांच्या वखारी. १६७०च्या दशकात शिवाजी महाराजांनी सुरतेच्या फ्रेंच वखारीकडून ८० तोफा आणि बंदुकांना पुरेल इतके शिसे घेतल्याची नोंद रॉबर्ट ऑर्म याने केली आहे. किल्ल्यांवर राज्य उभे असताना हे शहाणपणाचेच होते. युरोपात झोतभट्टीत लोखंड वितळवून साच्यात ओतण्याची विद्या रुळली होती, त्यामुळे तिथली ओतीव लोखंडी तोफ पितळी तोफेपेक्षा कितीतरी स्वस्त पडे. आपल्याकडे लोहार उत्तम होते, पोलाद जगात नावाजलेले होते. परंतु लोखंड पाण्यासारखे पातळ करून मणांनी ओतणारी भट्टी नव्हती. तेव्हा स्वस्त लोखंडी तोफ हवी, तर ती परक्याकडून घ्यायची. आणि घरी करायची, तर महाग पितळेची करायची. (पितळी म्हणायचे ती खरे तर काशाची, पण शब्द रुळला तो रुळला.) ही अडचण ध्यानात ठेवली, म्हणजे पुढच्या अनेक गोष्टींचा उलगडा होतो.

खरेदीतला धोका त्या काळी कोणाच्या ध्यानात आला नव्हता, असेही नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र आम्ही वर्गात गद्याचा नमुना म्हणून शिकवतो. त्यातले टोपीकरांविषयीचे विवेचन मात्र अनेकदा घाईने उरकले जाते. बाकीचे सावकार केवळ सावकार आहेत, यांच्या पाठीशी मात्र राज्ये आहेत. यांचे बळ आरमार आणि दारूगोळा यांत आहे. तेव्हा यांना खाडीच्या मुखाशी जागा देऊ नये, हा त्या प्रकरणाचा रोख आहे. शस्त्र विकणारा हा नुसता दुकानदार नसतो, ही जाण १७१५च्या आसपास मराठी गद्यात इतक्या स्वच्छपणे उमटावी, याचे आम्हांला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे. विकत घेतलेल्या वस्तूची किंमत एकदा देऊन संपत नाही. विकणारा ज्या दिवशी विकायचे थांबवतो, त्या दिवशी ती पुन्हा द्यावी लागते. १७७७ साली सँ लुबँ नावाचा फ्रेंच गृहस्थ पुणे दरबारात आला. अडीच हजार युरोपीय सैनिक आणतो, दहा हजार शिपाई कवायतीत तयार करून देतो, लष्करी सामान पुरवतो, असे नाना फडणिसांना त्याने आश्वासन दिले. यातले काहीही आले नाही. इंग्रज मात्र जे घाबरायचे ते घाबरले.

मग घडवण्याचे प्रयत्न झाले. पेशव्यांचा तोफखाना पानशांकडे होता. सासवडजवळ सोनोरीच्या माथ्यावरचा मल्हारगड हा त्यांचाच. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत जुन्नर प्रांतात आंबेगावी गोळे तयार करण्याचा कारखाना निघाला. इथेही झोतभट्टीची उणीव आडवी येई : गोळा ओतता येत नसल्यामुळे लोखंड ठोकून तो वाटोळा करावा लागे, आणि ठोकलेला गोळा नळीत नेमका बसणे म्हणजे नशिबाचा भाग. १७९०-९१ मध्ये टिपूविरुद्धच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेने धारवाडला वेढा घातला, तेव्हा सोबत असलेल्या इंग्रजी तुकडीत एडवर्ड मूर नावाचा अधिकारी होता. त्याने मराठी तोफखान्याचे वर्णन करून ठेवले आहे. तोफ ठासून झाली की मंडळी बसून गप्पा मारतात, तंबाखू ओढतात. अर्ध्या तासाने बत्ती देतात. समोर धुरळा चांगला उडाला की समाधान पावून पुन्हा ठासायला लागतात. वर्णन खोचक आहे आणि मूरला आपल्या सैन्याचा मोठेपणा सांगायचा होता, हे उघड आहे. तरी वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला, ही गोष्ट उरतेच.

धारवाडच्या या वर्णनावरच थांबणारे पुष्कळ आहेत. आम्ही वाचकांना त्याच सुमारास उत्तरेकडे, आग्र्याला, नेऊ इच्छितो.

महादजी शिंद्यांनी १७८४ साली बन्वा द ब्वान्य या सावोय प्रांतातल्या सरदाराला चाकरीस घेतले. त्याने कवायती पायदळाच्या दोन पलटणी उभ्या करायच्या होत्या, प्रत्येकीत ८५० माणसे. याच काळात सँगस्टर नावाचा स्कॉटिश कारागीर शिंद्यांकडे आला. आधी तो गोहदच्या राण्याच्या पदरी होता. आग्र्याच्या कारखान्यात त्याच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या आणि बंदुकाही तयार होऊ लागल्या. हर्बर्ट कॉम्प्टन याने १८९२ साली या युरोपीय साहसिकांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या बंदुका उत्तम प्रतीच्या असत आणि एकेकीला दहा रुपये खर्च येई, असे सांगितले आहे.

दहा रुपये! हा आकडा एकटा असता, तर आम्ही तो वाचून पुढे गेलो असतो. पण त्याच्या शेजारी ठेवण्यासारखा दुसरा आकडा आपल्या हाती आहे. महादजींनी द ब्वान्यला स्वतःसाठी दरमहा एक हजार रुपये आणि प्रत्येक माणसामागे सरसकट आठ रुपये ठरवून दिले. या आठातून त्याने शिपायाचा दरमहा साडेपाचावर बसवला आणि उरलेल्यातून वरच्या अंमलदारांचे पगार काढले. आता गणित करून पाहावे. ८५० माणसांच्या एका पलटणीला नव्या बंदुका द्यायच्या तर खर्च ८,५०० रुपये, तोही एकदाच. त्याच पलटणीचा महिन्याचा खर्च ६,८०० रुपये, आणि तो महिन्यामागून महिना. म्हणजे सबंध पलटणीच्या बंदुकांची किंमत सव्वा महिन्याच्या पगाराएवढी! बंदूक घडवावी की विकत घ्यावी या प्रश्नावर आपण पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. पण खर्चाच्या वहीत बंदुकीचा रकाना मुळात लहान होता. मोठा रकाना माणसांचा होता.

घडवलेला माल कसा होता? याची साक्ष शत्रूकडून मिळते, आणि अशी साक्ष अधिक विश्वसनीय. ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीच्या लढाईत शिंद्यांच्या ६८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. विल्यम थॉर्न या अधिकाऱ्याने त्यांचे बारकाईने वर्णन केले आहे. लोखंडी तोफा सगळ्या युरोपीय बनावटीच्या होत्या. पितळी तोफा एखादा अपवाद वगळता हिंदुस्थानातच ओतलेल्या होत्या. काहींवर मथुरेचा, काहींवर उज्जैनचा लेख होता. धाटणी फ्रेंच, आखणी युरोपीय कारागिराची, सफाई मात्र कंपनीच्या तोफखान्यातल्या कोणत्याही तोफेच्या तोडीची. नेम वर-खाली करण्याचे स्क्रू बसवलेले. आणि काही तोफांत आतली नळी लोखंडाची, तिच्याभोवती पितळ ओतलेले. या शेवटच्या तपशिलावर आम्ही जरा रेंगाळतो. पितळ मऊ, लोखंडी गोळ्याने ते आतून झिजते. लोखंड ओतता येत नाही, पण ठोकून नळी करता येते. तेव्हा ठोकलेल्या लोखंडावर ओतलेले पितळ! परक्याच्या नमुन्याची नक्कल करणारा असे करीत नाही. आपल्या भट्टीच्या मर्यादा ओळखून त्यांतून वाट काढणारा करतो. मथुरेच्या आणि उज्जैनच्या त्या ओतारींची नावे आपल्याला कोणी सांगत नाही. द ब्वान्यची चरित्रे मात्र हवी तेवढी मिळतात.

असईच्या रणावर, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आर्थर वेलस्लीला नव्वदांहून अधिक तोफा मिळाल्या. त्यांतल्या सत्तरएक पितळी तोफांविषयी, अशा उत्तम तोफा आपण आजवर पाहिल्या नाहीत, अशा अर्थाचे त्याने आपल्या मित्राला कळवले. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ साली या युद्धावर लिहिताना शस्त्रांच्या आणि तंत्राच्या बाबतीत मराठे मागे नव्हते, हे पुराव्यानिशी मांडले आणि निकालाची कारणे पैशात व लष्करी चाकरीच्या बाजारात शोधली. तोफा घडवण्याच्या परीक्षेत मराठी दौलत उत्तीर्ण झाली होती, एवढे तरी यावरून म्हणता येते.

इथे आम्ही आमच्या प्रांतात परत येतो. शब्दांकडे पाहा. बंदुकीच्या अंगोपांगांची मराठी नावे कशी आहेत? घोडा, चाप, कान, नळी, ठासणी. ज्याने ती वस्तू हातात घेऊन उलगडली, पुन्हा जुळवली, आपल्या घरातल्या आणि शेतातल्या वस्तूंशी ताडून पाहिली, त्याचे हे शब्द आहेत. आदळणाऱ्या त्या तुकड्याला ‘घोडा’ म्हणणे ही तर चक्क कविकल्पना आहे. आता फौजेच्या बांधणीचे शब्द पाहा : पलटण, कंपू, कप्तान, गारदी हाही त्यांतलाच. काही इंग्रजीतून, काही पोर्तुगीज-फ्रेंचांतून आलेले. आले तसेच वापरले गेले. बंदूक आणि तोफ हे शब्दही मुळात बाहेरचेच, तेव्हा शब्दांच्या पुराव्यावर फार भार टाकू नये, हे आम्हांला मान्य आहे. तरीही वस्तू उघडून पाहिली गेली आणि व्यवस्था बंद पेटीसारखी घेतली गेली, असे या दोन यादींवरून सुचते. द ब्वान्यच्या पलटणींतले शिपाई मुख्यतः अवध आणि दुआबातले होते, अंमलदार युरोपीय किंवा युरोपीय बापाचे. मराठी मुलूख, मराठी सरदार आणि मराठी भाषा यांचा त्या कवायतीशी संबंध पगार देण्यापुरता होता.

विकत घेतले होते ते हे. बंदूक आग्र्याला घडली. ती कोणी, कोणत्या वेळी, कोणत्या दिशेला झाडायची हे ठरवणारा माणूस बाजारातून आणला गेला, आणि त्याच्या जागी आपला माणूस तयार करण्याची सोय कोणी केली नाही. कारणे समजण्यासारखी आहेत. घोड्यावरच्या सरंजामदाराला पायदळाच्या पलटणीत उभे राहणे कमीपणाचे वाटे. आणि सरंजामाची बांधणीच अशी, की रोख पगारावर वरिष्ठाच्या हुकुमात राहणारा अंमलदार तिच्यात बसत नव्हता. तोफेचा साचा बदलणे सोपे गेले, हा साचा बदलणे कठीण होते.

भाड्याचा माणूस बेइमानच असतो, असे सुचवण्याचा आमचा हेतू नाही. इब्राहिमखान गारदी हाही बाजारातूनच आला होता. निजामाच्या चाकरीत बुसीच्या हाताखाली तो तयार झाला, पुढे मराठ्यांकडे आला. पानिपतावर त्याच्या पलटणी झिजून गेल्या, तो जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला आणि मारला गेला. पण त्याचे जे काही होते, ते याच भूमीवर होते. द ब्वान्य १७९५च्या अखेरीस निघाला, तो कंपनीच्या मुलखातून, कलकत्त्याच्या वाटेने, मिळवलेली संपत्ती बरोबर घेऊन. जाता जाता त्याने आपले खाजगी घोडदळ कंपनीला विकले. विश्वासघाताचा आरोप त्याच्यावर करता येत नाही. त्याने सगळे रीतसर केले. त्याचा उत्तराधिकारी पेरों यालाही याच वाटेने घरी जायचे होते.

१८०३च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीने जाहीरनामा काढला : शिंद्यांच्या चाकरीतल्या ब्रिटिशांनी आणि इतर युरोपीयांनी ती सोडून यावे, त्यांच्या उपजीविकेची सोय कंपनी करील. लढाईला तोंड लागण्यापूर्वी केलेली ही खरेदी त्या युद्धातली सर्वांत फायदेशीर ठरली. पेरों पहिल्या काही दिवसांतच इंग्रजांच्या आश्रयाला गेला. ४ सप्टेंबरला अलिगढचा किल्ला पडला. त्याच्या दरवाजाकडे जाणारी वाट इंग्रजांना दाखवणारा लुकन काही दिवसांपूर्वीपर्यंत शिंद्यांच्याच पगारावर होता. जेम्स स्किनरची गोष्ट आणखी बोलकी आहे. आई राजपूत असल्याने कंपनीची दारे त्याला बंद होती, म्हणून तो शिंद्यांकडे आला होता आणि राहायलाही तयार होता. पेरोंने त्याला काढून टाकले. मग त्याच्या नावाने उभे राहिलेले घोडदळ इंग्रजांच्या बाजूने लढले.

यानंतरची लासवारीची लढाई (१ नोव्हेंबर १८०३) आम्हांला या सबंध हिशेबाची बेरीज वाटते. शिंद्यांच्या पलटणींत युरोपीय अंमलदार आता जवळजवळ उरले नव्हते. गोलंदाज मात्र होते. ते तोफांपाशी इतके ठाम उभे राहिले, की संगिनीने भोसकले जाईपर्यंत हटले नाहीत, असे जनरल लेकने वरिष्ठांना कळवले. आणि यांना फ्रेंच अंमलदार असते तर निकाल काय लागला असता याची शंकाच आहे, असेही लिहिले. धारवाडला धुरळा पाहून समाधान मानणारे गोलंदाज आणि हे गोलंदाज यांच्यात जेमतेम बारा वर्षांचे अंतर आहे. तोफ आली, गोलंदाज तयार झाला. त्याच्या पुढचा एक माणूस तयार होण्याआधी वेळ संपली.

मराठ्यांनी गनिमी कावा सोडून ही कवायत घेतलीच कशाला, असे त्या काळच्या काही इंग्रज अधिकाऱ्यांनी म्हटले, आणि पुढे आपल्याकडच्या अनेकांनी ते उचलले. शत्रूने दिलेला हा सल्ला इतक्या भाविकपणे का घेतला जातो, हे आम्हांला कधी कळलेले नाही. ज्या तोफांनी असईला कंपनीच्या सैन्यातली दीड हजारांवर माणसे ठार-जायबंदी केली, त्या नसत्या तर बरे झाले असते, असे पराभूताला वाटण्याचे कारण काय?

दुसऱ्या बाजीरावाने खरेदीची वाट शेवटपर्यंत चालून पाहिली. ३१ डिसेंबर १८०२च्या वसईच्या तहाने त्याने बंदूक घेतली नाही की अंमलदार घेतला नाही; सबंध फौजच भाड्याने घेतली. कंपनीचे किमान सहा हजार पायदळ, तोफांसह. आणि मोबदल्यात वर्षाला २६ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख. आग्र्याच्या दराने एवढ्या रकमेत वर्षाला दोन लाख साठ हजार बंदुका झाल्या असत्या. तुलना न्याय्य नाही, हे आम्ही जाणतो. बंदुका आपण होऊन उडत नाहीत.

आणि यशवंतराव होळकर. त्यांनी हा प्रश्न निराळ्या टोकाने अनुभवला. इंग्रजांशी लढायचे ठरले, तेव्हा विकर्स, डॉड आणि रायन या आपल्या अंमलदारांनी स्वजातीयांविरुद्ध शस्त्र धरायला नकार दिला, आणि यशवंतरावांनी त्यांना मारून टाकले. १८०५च्या अखेरीस राजघाटचा तह झाला. त्यानंतर ते भानपुऱ्याला राहिले आणि तोफा ओतण्याच्या कामाला लागले. जॉन माल्कमने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात लिहिले आहे, की ते स्वतः भट्टीपाशी राबत, आणि तीन-चार महिन्यांत दोनशेवर पितळी तोफा ओतल्या गेल्या. हा ध्यास, मद्य आणि पुढे आलेले वेड यांची माल्कम एकत्र सांगड घालतो. ती तशी घालावी का, याबद्दल आम्ही साशंक आहोत. अंमलदारांचा अनुभव घेऊन चुकलेला हा माणूस निदान स्वतःच्या हातांनी करता येण्यासारखी एक गोष्ट करत होता. २८ ऑक्टोबर १८११ रोजी भानपुऱ्यातच त्यांचा मृत्यू झाला.

२१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला क्षिप्रेच्या काठी होळकरांची फौज इंग्रजांपुढे उभी राहिली. त्या दिवशी इंग्रजांची जी हानी झाली, ती मुख्यतः तोफांमुळे. गोलंदाज इथेही आपल्या जागा सोडून गेले नाहीत. घोडदळ घेऊन असलेला गफूरखान मात्र वेळ पाहून निघून गेला, असा आरोप तेव्हापासून आहे. सोळा दिवसांनी मंदसोरला तह झाला. तोफा इंग्रजांकडे गेल्या, आणि तहाच्या एका कलमाने गफूरखानाला जावऱ्याची जहागीर कायम झाली.